वाडीचा क्रूस आणि मे महिना

मे महिना उजाडला, की वसई-साष्टीच्या ख्रिस्ती गावांतून एक लगबग सुरू होते. वाडीच्या क्रुसाला चुना लागतो, पताका लागतात, फुलांच्या माळा चढतात. तिन्हीसांजेला शेजारीपाजारी मेणबत्त्या घेऊन जमतात, जपमाळ होते, लदाइन म्हटली जाते आणि शेवटी उकडलेले चणे वाटले जातात. लहानपणी आमचे निम्मे लक्ष त्या चण्यांकडे असे, हे कबूल केले पाहिजे. परंतु या साध्या सणामागे केवढा इतिहास उभा आहे, याचा विचार आम्ही फार उशिरा केला.

पूर्वीच्या पंचांगात ३ मे हा पवित्र क्रूस सापडल्याचा सण होता. सम्राट कॉन्स्टन्टाइनची माता संत हेलेना हिला यरुशलेमेत प्रभूचा क्रूस सापडला, या परंपरेचे ते स्मरण. १९६० साली पोप तेविसावे जॉन यांच्या काळात हा सण सार्वत्रिक पंचांगातून वगळला गेला आणि १४ सप्टेंबरचा क्रूसविजयाचा सण तेवढा राहिला. तथापि वाडीने आपली रीत सोडली नाही, कारण तिचे मूळ पंचांगाइतकेच मातीतही होते. पेरणीआधी शेते मोकळी, शाळांना सुट्टी, मुंबईचे चाकरमाने घरी आलेले आणि मृग नक्षत्र महिन्यावर आलेले. युरोपातही स्वर्गारोहणाच्या सणाआधी तीन दिवस पिकांसाठी प्रार्थना करीत शिवारातून मिरवणूक काढण्याची प्रथा होती. फ्रान्समधील व्हिएनचे बिशप संत मामेर्तुस यांनी ती इ. स. ४७० च्या सुमारास घालून दिली. पावसाकडे डोळे लावलेला शेतकरी सगळीकडे सारखाच!

आमच्या इतिहासातील एक मे महिना मात्र सणाचा नव्हता. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्यापुढे वसईचा किल्ला पडला. मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळण्याची मुभा मिळाली, पण युरोपीय मिशनरी निघून गेले आणि अनेक ख्रिस्तमंदिरे ओस पडली. उरलेला भार मूठभर स्थानिक धर्मगुरूंवर आला. अशा काळात श्रद्धा टिकली ती घराघरातून आणि वाडीवाडीतून, असे आम्हांस वाटते. जिथे रोज मिस्सा होणे शक्य नव्हते, तिथे जपमाळेला कोणी अडवले नव्हते.

आज दिसणारे बरेच क्रूस मात्र अलीकडचे आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ डॉ. आकासियो व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टरांनी ओळखली. पाहता पाहता साथ साष्टीत पोहोचली. माणसे घरे सोडून शेतात झोपड्या बांधून राहिली. त्या दिवसांत कुणी नवसाने, तर कुणी जगलो म्हणून कृतज्ञतेने क्रूस उभारले. वांद्र्यापासून पुढे कित्येक क्रुसांच्या चौथऱ्यांवर त्या सालांचे आकडे कोरलेले आहेत. आपण ज्यांना शोभा म्हणून पाहतो, ती खरे तर आपल्या आजे-पणजांच्या अश्रूंची स्मारके आहेत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला उपासनेत स्थान दिले आणि वाडीची लॅटिन लदाइनही हळूहळू मराठी झाली. अर्थ कळू लागला, हे भाग्यच. मात्र ज्या वृद्धांना जुन्या चाली येत होत्या, ते एकेक करून गेले आणि त्या चाली कुणी लिहून ठेवल्या नाहीत.

आता वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. रस्ता रुंद होताना क्रूस आड येतो, वाटण्या होताना त्याची जागा कुणाची, असा प्रश्न निघतो. मुले सुट्टीत दूर जातात. आम्ही काळाला दोष देत नाही. पण जो क्रूस परक्या राजवटीत आणि साथीतही एकटा पडला नाही, तो आपल्या सुबत्तेच्या दिवसांत एकटा पडावा काय?

म्हणून येत्या मे महिन्यात प्रत्येक वाडीने एवढे करावे. चुना लावण्यापूर्वी चौथऱ्यावरील अक्षरे वहीत उतरून घ्यावीत आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारावे, हा क्रूस कोणी उभारला, आणि का? उत्तर मुलांच्या देखत ऐकावे. मग चणे वाटावेत.