होन्नावरचा यजमान : इब्न बतूताच्या किनारी फेऱ्या (थ्रेड)

चौदाव्या शतकाच्या पाचव्या दशकात कोल्लमहून उत्तरेकडे निघालेले एक गलबत होन्नावर आणि फाकनूर यांच्या दरम्यान एका लहानशा बेटापाशी आले. तिथे बारा लढाऊ जहाजांनी त्याला घेरले. चाच्यांनी प्रवाशांकडचे सारे काही काढून घेतले. त्यांतल्या एका प्रवाशाकडे सिलोनच्या राजाने दिलेली मोती-माणके होती, कपडे होते, साधुपुरुषांनी दिलेल्या भेटवस्तू होत्या. त्याच्या अंगावर फक्त इजार राहिली, आणि तशा अवस्थेत त्याला किनाऱ्यावर सोडून देण्यात आले.

हा प्रवासी म्हणजे मोरोक्कोतील तांजियरचा इब्न बतूता. त्या वेळी तो कोणत्याही दरबाराच्या कामावर नव्हता आणि व्यापारासाठीही निघाला नव्हता. होन्नावरला एका जुन्या स्नेह्याला भेटायला तो चालला होता.

इब्न बतूताने किती देश पाहिले, किती मैल तुडवले, याची मोजदाद सर्वत्र वाचायला मिळते. पश्चिम किनाऱ्यावर तो काही वर्षे पुन्हा पुन्हा त्याच त्या बंदरांत येत-जात राहिला, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. किनाऱ्यावरून माणसे कशाच्या भरवशावर फिरत असत, हे या येरझाऱ्यांतून जितके कळते तितके मैलांच्या आकड्यांतून कळत नाही.

आरंभ मोठ्या थाटात झाला होता. सन १३४२ च्या जुलैमध्ये मुहम्मद बिन तुघलकाचा वकील म्हणून तो दिल्लीहून चीनकडे निघाला. सोबत नजराण्याचे शंभर घोडे, दास-दासी, नर्तकी आणि उंची वस्त्रे होती. झहीरुद्दीन झंजानी हा विद्वान अमीर सहवकील होता. अलीगढजवळच्या चकमकीत नजराण्याची व्यवस्था पाहणारा काफूर मारला गेला आणि त्याच्या जागी सुंबुल हा दुसरा सेवक नेमला गेला. ही दोन नावे पुढे पुन्हा येणार आहेत.

वाटेत दौलताबाद आणि नंदुरबार लागले. मराठी मुलखाबद्दल त्याने थोडेच लिहिले आहे, पण नंदुरबारचे मराठे कारागिरीत निपुण असून त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, ते भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात, एवढे त्याने टिपले. पुढे खंबायत आणि गंधार. गंधारला तो जहाजावर चढला आणि किनारी प्रवास सुरू झाला.

एका जहाजावर सत्तर घोडे चढवले होते. त्याच्या स्वतःच्या जहाजावर पन्नास वल्हेकरी आणि पन्नास हबशी लढवय्ये होते. जहाजावर एक जरी हबशी असला तरी या समुद्रातले चाचे त्या जहाजाच्या वाटेस जात नाहीत, असे तो सांगतो. (जंजिऱ्याच्या सिद्दींचा इतिहास वाचणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. ते जंजिऱ्याच्या कितीतरी आधीचे आहे.)

त्या काळच्या किनाऱ्याची रीत आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. मलबारच्या वाटेवर एखादे जहाज बंदरावरून तसेच पुढे निघून जाऊ शकत नसे. नांगर टाकून तिथल्या राजाला भेट द्यावी लागे. न दिल्यास राजाची जहाजे पाठलाग करून ते जबरदस्तीने आत ओढत आणि दुप्पट वसुली करीत. आणि उतरणाऱ्यालाही यजमानाचा विश्वास नसे. फाकनूरच्या राजाने आपला मुलगा ओलीस म्हणून जहाजावर पाठवला, तेव्हा कुठे इब्न बतूताची मंडळी खाली उतरली आणि तीन दिवस राजाचा पाहुणचार घेऊ शकली. मंगळूरलाही त्यांनी हीच अट घातली. पोटचा मुलगा तारण ठेवल्यावर मिळणारा पाहुणचार! परक्या बंदरात परक्या माणसाची किंमत ही अशी होती.

होन्नावरला असे काही करावे लागले नाही.

होन्नावरचा सुलतान जमालुद्दीन मुहम्मद हा गोव्याच्या दक्षिणेस असलेल्या या खाडीकाठच्या नगराचा अधिपती होता. तो ‘हरियब’ नावाच्या हिंदू राजाचा मांडलिक असल्याचे इब्न बतूता सांगतो. हा हरियब म्हणजे विजयनगरचा पहिला हरिहर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या आरमाराच्या धाकाने मलबारचे लोक त्याला दरसाल ठरावीक रक्कम देत. नगरात मुलींसाठी तेरा आणि मुलांसाठी तेवीस शाळा इब्न बतूताने मोजल्या, आणि अशी गोष्ट इतरत्र कुठे पाहिली नाही असेही नमूद केले. तिथल्या स्त्रिया न शिवलेले वस्त्र नेसतात हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. सारा किनारा आजवर जे नेसत आला, त्याचेच हे वर्णन आहे.

सुलतानाच्या पंगतीचे वर्णन तर चवीने केलेले आहे. आधी भात, त्यावर तूप, सोबत मिरी, आले, लिंबू आणि आंबा यांची लोणची, मग कोंबडी, मासे, भाज्या आणि शेवटी दही. पुढे एकदा तो इथे अकरा महिने राहिला आणि या काळात पोळीचा तुकडाही मिळाला नाही, नुसता भात. किनारपट्टी आणि बेटे मिळून तीन वर्षे भात खाऊन शेवटी पाण्याच्या घोटाबरोबरच तो घशाखाली उतरे, अशी या पाहुण्याची तक्रार आहे. कोकणी माणसाला ही तक्रार समजणे अवघड आहे.

पहिल्या भेटीत तो तीनच दिवस राहिला आणि कालिकतकडे निघून गेला.

कालिकतच्या बंदरात चीनची तेरा जहाजे उभी होती. वाऱ्याच्या मोसमाची वाट पाहत तीन महिने गेले. निघायची वेळ आली तेव्हा मोठ्या जंकवरच्या चांगल्या खोल्या चिनी व्यापाऱ्यांनी आधीच धरून ठेवल्याचे कळले. इब्न बतूताला दासींसह राहता येईल आणि शौचकूप असेल अशी खोली हवी होती. ती ‘काकम’ जातीच्या लहान जहाजावर मिळाली. त्याने सामान, माणसे आणि गरोदर दासी तिकडे पाठवली. नजराणा घेऊन झहीरुद्दीन आणि सुंबुल जंकवर गेले. तो स्वतः शुक्रवारच्या नमाजासाठी किनाऱ्यावर थांबला.

कालिकतला आडोसा नाही. जहाजे उघड्या समुद्रात नांगरून राहतात. त्या संध्याकाळी समुद्र खवळला. जहाजावरच्यांना खाली येता येईना, किनाऱ्यावरच्याला वर जाता येईना. रात्री नजराण्याची जंक किनाऱ्यावर आदळून फुटली आणि तिच्यावरचे सगळे बुडाले. सकाळी इब्न बतूताला झहीरुद्दीनचे प्रेत दिसले, त्याची कवटी फुटली होती. सुंबुलच्या कानशिलातून खिळा आरपार गेला होता. दोघांवर नमाज पढून त्यांना पुरले. दिल्लीपासून सोबत आलेले सोबती असे वाळूत राहिले.

याच वादळात फुटलेल्या दुसऱ्या एका जहाजावरची एक प्रसंगकथा त्याने सांगितली आहे. एका व्यापाऱ्याची दासी लाकडाला धरून लाटांत तरंगत होती. तिला वाचवणाऱ्यास दहा दिनार देण्याचे व्यापाऱ्याने जाहीर केले. होर्मुझच्या एका खलाशाने उडी घेऊन तिला काढले आणि पैसे नाकारले. हे आपण ईश्वरासाठी केले, असे तो म्हणाला. खलाशाचे नाव नोंदले गेलेले नाही.

जंकची दशा पाहून काकमवाल्यांनी शिडे उभारली आणि ते निघून गेले. इब्न बतूताजवळ एक नुकताच मुक्त केलेला गुलाम, दहा दिनार आणि अंथरायची सतरंजी एवढेच उरले. गुलामही पळाला. काकम कोल्लमला थांबेल या आशेने तो नदीमार्गे दहा दिवसांचा प्रवास करून तिथे गेला, पण काकम आलेच नाही. दिल्लीला परतावे तर नजराणा बुडाला असता वकील जिवंत कसा, हा प्रश्न तुघलकासमोर येणार. त्या दरबारातला अनुभव त्याच्या गाठीशी होता आणि त्याने जाण्याचे धाडस केले नाही.

मग तो कुठे गेला? होन्नावरला.

आता तो वकील नव्हता. हात रिकामे होते. जमालुद्दीनने त्याला घर दिले, पण नोकर दिला नाही, आणि आपल्यासोबत नमाज पढण्यास सांगितले. हा तपशील छोटा असला तरी बोलका आहे. स्नेह होता, पण थाट उतरल्याची जाणीव यजमान आणि पाहुणा दोघांनाही होती. इब्न बतूता दिवसच्या दिवस मशिदीत बसून कुराण वाचू लागला, आधी रोज एकदा संपूर्ण, मग दोनदा.

तेवढ्यात जमालुद्दीन बावन्न जहाजांचे आरमार सज्ज करीत होता. लक्ष्य होते सिंदाबूर, म्हणजे गोवा. तिथल्या राजाचा मुलगा बापाशी भांडला होता आणि त्याने जमालुद्दीनची मदत मागितली होती. इब्न बतूताने कुराणातून शकुन काढला आणि तोही आरमारासोबत गेला. तटावरून दगडफेकी यंत्रे चालत असताना लोक ढाल-तलवार घेऊन पाण्यात उड्या टाकू लागले, त्यांत हा काजीही होता. दोन जहाजे मागच्या बाजूने उघडी होती. स्वार आतच घोड्यावर बसे आणि थेट बाहेर पडे. सिंदाबूर पडले.

लुटीतून जमालुद्दीनने मित्राला एक स्त्री दिली. तिचे नाव इब्न बतूताने ‘लेमकी’ असे दिले आहे आणि आपण ते बदलून ‘मुबारका’ ठेवले असे सांगितले आहे. तिचा नवरा खंडणी घेऊन तिला सोडवायला आला. इब्न बतूताने नकार दिला. ही गोष्ट त्याने एका ओळीत उरकली आहे. स्वतः सर्वस्व गमावून मित्राच्या दारी आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दारचे दुःख दिसले नाही. त्याच्या प्रवासाचे कौतुक करणाऱ्यांनी ही ओळ गाळू नये.

काही महिन्यांनी तो पुन्हा दक्षिणेस गेला. तिथे काकमवरचे त्याचे दोन गुलाम भेटले आणि उरलेली आशाही संपली. गरोदर दासी मरण पावली होती. बाकीच्या स्त्रिया सुमात्राच्या राजाने घेतल्या होत्या, माल लुटला गेला होता आणि सोबती सुमात्रा, चीन, बंगाल असे पांगले होते. ही बातमी घेऊन तो कुठे परतला, हे आता सांगावे लागू नये. आधी होन्नावर, मग सिंदाबूर. जमालुद्दीन अजून तिथेच होता.

पण वारे फिरले होते. सिंदाबूरचा हरलेला राजा फौज घेऊन परत आला. जमालुद्दीनचे सैन्य गावोगाव विखुरलेले होते, ते येऊन मिळू शकले नाही. वेढा पडला आणि आवळत गेला. इब्न बतूता लिहितो की वेढा कठीण झाला तेव्हा त्यांना तसेच सोडून तो कालिकतला परतला. पुढे लगेच मालदीवची हकीकत सुरू होते. पश्चात्तापाचा शब्द नाही आणि समर्थनाचाही नाही.

त्याच्यावर टीका करणे सोपे आहे. तो लढवय्या नव्हता, सुलतानाचा नोकर नव्हता, आणि तिथे राहून त्याने वेढा उठवला असता असेही नाही. तरीही ज्याने सतरंजीवर झोपणाऱ्या माणसाला घर दिले, त्याला वेढ्यात सोडून जाताना काहीच वाटले नसेल, हे पटत नाही. न पटण्याचे कारण त्याच्याच पुस्तकात आहे, आणि ते म्हणजे आरंभीची चाच्यांची हकीकत. मालदीव, सिलोन आणि मदुराई असा फेरा संपवून, हाताशी पुन्हा धन आल्यावर, तो कोल्लमहून निघाला तो जमालुद्दीनला भेटायला. चीनची वाट त्याला मोकळी होती. तरी त्याने आधी उत्तरेचे जहाज धरले.

ती भेट झाली नाही. इजारीवर तो कालिकतला पोहोचला आणि मशिदीत जाऊन बसला. एका धर्मशास्त्र्याने अंगरखा पाठवला, काजीने पागोटे दिले, एका व्यापाऱ्याने आणखी एक वस्त्र दिले. शाही फर्मान समुद्रतळाशी गेल्यावरही किनाऱ्यावर जे चलन चालत होते, ते हे. बुखाऱ्यातील विद्वानांच्या थडग्यांवरचे लेख त्याने उतरवून घेतले होते, तेही समुद्रात झालेल्या लुटीत गेल्याचे तो अन्यत्र सांगतो. म्हणजे सन १३५५ मध्ये फेज येथे पूर्ण झालेली त्याची ‘रिहला’ वाचताना ध्यानात ठेवावे, की बरीच बंदरे आणि बरीच माणसे त्यात स्मरणातून आली आहेत. होन्नावरच्या शाळांचे आकडे मात्र त्याला आठवत होते. भातावरची लोणचीही.

पुढे बंगाल, सुमात्रा, चीन. परतीच्या वाटेवर, १३४७ च्या आरंभी, तो पुन्हा कोल्लमला उतरला, ईद तिथेच केली आणि कालिकतला आला. दिल्लीला जावे असे मनात आले, पण भीती वाटली. अखेर तो जहाजात बसला आणि अठ्ठावीस दिवसांनी अरबस्तानच्या किनाऱ्यावर जफारला पोहोचला. ते जहाज कालिकतहून सरळ पश्चिमेकडे गेले. होन्नावर त्याच्या वाटेवर नव्हते.