मोरचूद, चुना अन् विळा : आम्ल-आम्लारीचा हिशोब समजून घ्या

तळेगाव (श्यामजी पंत), ता. आष्टी : संत्र्याला डिंक्या येऊ नये म्हणून पावसाळ्याआधी अन् नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावतात. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. हे मिश्रण म्हणजे बारावीच्या रसायनशास्त्राचा धडाच आहे.

आम्ल अन् आम्लारी : लिंबाचा रस आम्ल, चुन्याची निवळी आम्लारी. मोजमाप सामूने, म्हणजे पीएचने होते. ७ उदासीन, त्याखाली आम्ल, वर आम्लारी. एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. आम्ल निळा लिटमस लाल करते, आम्लारी लाल लिटमस निळा करते.

टायट्रेशन (अनुमापन) : सामू किती हे कागद सांगतो, पण तो बदलायला किती माल लागेल, हे थोडे-थोडे टाकूनच कळते. प्रयोगशाळेत माहीत असलेल्या तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने सोडतात अन् रंग बदलला की थांबतात.

बोर्डोतही तेच. मोरचुदाचे द्रावण आम्ल असते. चुना कमी पडला तर मोकळे तांबे उरते अन् पाने, साल भाजते. म्हणून घासलेला लोखंडी विळा मिनिटभर बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी थोडी-थोडी वाढवा अन् विळा पुन्हा घासून तपासा. थर चढणे बंद झाले की मिश्रण तयार. भांडे प्लास्टिकचेच घ्या अन् मिश्रण त्याच दिवशी वापरा.

बफर : सामूला सहज हलू न देणारे द्रावण. विहिरीच्या जड पाण्यात बायकार्बोनेट असते. लिंबू पिळले तरी ते आम्ल गिळते अन् सामू फारसा उतरत नाही. बायकार्बोनेट संपले की मात्र एकदम घसरतो. त्यामुळे दोन विहिरींचा सामू सारखा असला तरी आम्ल सारखे लागत नाही.

फवारणीत काय करावे? डायमेथोएटसारखी औषधे जास्त आम्लारी पाण्यात लवकर निकामी होतात. पैसा पाण्यात जातो. शेजाऱ्याचे माप उचलू नका. आपल्या विहिरीचे एक बादली पाणी घ्या, चमचा-चमचा लिंबूरस टाका, दर वेळी पीएच कागद बुडवा. सामू ६ ते ७ च्या दरम्यान आला की चमचे मोजा अन् टाकीचा हिशोब लावा. बोर्डोत किंवा तांब्याच्या औषधात मात्र आम्ल कधीच टाकू नका. बांधलेले तांबे पुन्हा मोकळे होते.