मॅटॅडोरचे ‘मूळ’ इंजिन कोणते?

#थ्रेड

जुन्या गाडीत नवे इंजिन बसवावे की नाही, हा जुन्या गाड्यांच्या जगातला सर्वांत कडवा वाद आहे. एका पक्षाच्या मते इंजिन बदलले की गाडी संपली. दुसऱ्याच्या मते इंजिन बदलले म्हणूनच ती वाचली. युरोपात हा वाद बहुधा फोक्सवॅगनच्या जुन्या कॅम्पर व्हॅनवरून रंगतो. महाराष्ट्रात तो समजून घ्यायचा असेल, तर आकुर्डीच्या मॅटॅडोरकडे जावे लागते. कारण या गाडीच्या वंशाला स्वतःचे असे इंजिन जवळजवळ कधीच नव्हते.

आधी नावाविषयी. मराठीत ‘टेम्पो’ हे सामान्यनाम आहे. घर बदलताना टेम्पो बोलावला जातो, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. मुळात हे हॅम्बुर्गजवळच्या हारबुर्ग येथील ‘व्हिडाल अँड झोन’ या कारखान्याचे व्यापारी नाव. हलकी तीनचाकी मालवाहू वाहने ही त्याची ख्याती. १९५८ मध्ये स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी या कारखान्याशी सहकार्य करून बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. ‘हानझेआट’ या तीनचाकीने सुरुवात गोरेगावात झाली. १९६०च्या दशकात कंपनी आकुर्डीला आली. जर्मनीत टेम्पो हे नाव विस्मृतीत गेले. इथे ते भाषेत मुरले, आणि पुढे मॅटॅडोर या नावाचेही तेच झाले.

आता इंजिनाकडे. हारबुर्गची पहिली मॅटॅडोर १९४९ ची. युद्धात बेचिराख झालेल्या देशात एक टन माल वाहणारी, स्वस्त चारचाकी हवी होती. गाडी कारखान्याने स्वतः रचली, पण तिच्याजोगे इंजिन त्याच्याकडे नव्हते. ते आणले फोक्सवॅगन बीटलमधून : हवेने थंड होणारे, २५ अश्वशक्तीचे. बीटलमध्ये ते मागे बसून मागची चाके फिरवत असे. मॅटॅडोरमध्ये ते पुढे आले आणि पुढची चाके फिरवू लागले. मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा नसल्याने गाडीचा तळ बराच खाली घेता आला. माल चढवणाऱ्याला ते सोयीचे, आणि आत उभे राहून वावरणाऱ्यालाही.

म्हणजे मोटारीचे इंजिन व्हॅनमध्ये बसवणे ही पुढच्या काळातल्या हौशी मंडळींची करामत नव्हे. मॅटॅडोर जन्मली तीच तशी.

पण उसन्या इंजिनाला धनी असतो. १९५० मध्ये फोक्सवॅगनने स्वतःची व्हॅन बाजारात आणली. पुढे जगभर कॅम्पर म्हणून गाजली ती हीच. प्रतिस्पर्ध्याला आपले इंजिन पुरवत राहण्यात तिला स्वारस्य उरले नाही आणि १९५२ मध्ये पुरवठा थांबला. मॅटॅडोरला दुसरे इंजिन शोधावे लागले. ते मिळाले हाइंकेलकडे. ही विमाने बनवणारी कंपनी. युद्धानंतर विमानबांधणीवर बंदी आल्याने ती टू-स्ट्रोक इंजिने आणि स्कूटर बनवू लागली होती. त्यानंतर, १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात, ब्रिटनच्या ऑस्टिनचे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन आले. भारतीय वाचकाला हे इंजिन परके नाही : ते ज्या कुळातले, त्याच कुळातले १४८९ घनसेंमीचे इंजिन आपली अॅम्बॅसडर कित्येक दशके चालवत होते. दहा वर्षांत तीन घराण्यांची इंजिने आली, पण नाव तेच राहिले.

पुढे हारबुर्गचा कारखानाच हातोहात फिरला. आधी तो हानोमागकडे गेला, मग हानोमाग-हेन्शेलमार्फत डायमलर-बेंझकडे. १९६७ मध्ये आलेली नवी चौकोनी, सपाट नाकाची व्हॅन आधी हानोमागच्या आणि नंतर मर्सिडीजच्या बोधचिन्हाखाली विकली गेली. तिच्या सांगाड्यावर जर्मनीत निवासी मोटारीही बांधल्या गेल्या. खाली घेतलेला तळ तिथे पुन्हा उपयोगी पडला. सुरुवातीला तिच्यात ऑस्टिनची इंजिने होती, नंतर मर्सिडीजची डिझेल इंजिने आली. मालक बदलला की इंजिन बदलायचे, हा या घराण्याचा रिवाजच म्हणायचा.

आपण जिला मॅटॅडोर म्हणून ओळखतो ती हीच व्हॅन. १९६९ पासून ती आकुर्डीत बनू लागली. रुग्णवाहिका, शाळेची गाडी, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, लग्नाचे वऱ्हाड, नाटक कंपनीचे सामान, सगळे तिच्यात मावले. अष्टविनायकाला निघालेले कुटुंब स्टोव्ह, पिंप आणि सतरंज्या घेऊन तिच्यात बसे. कॅम्पर हा शब्द कुणी उच्चारत नसे, पण दोन दिवस ते कुटुंब त्या गाडीत जगत असे ते कॅम्परमध्ये जगतात तसेच.

मग या कथेतले सर्वांत महत्त्वाचे इंजिन येते. डायमलर-बेंझचे ओएम ६१६ हे चार सिलिंडरचे, २.४ लिटरचे डिझेल इंजिन १९७३ मध्ये मर्सिडीज २४० डी या मोटारीत आले. जर्मन टॅक्सीवाल्यांची ही लाडकी गाडी. पासष्ट अश्वशक्ती म्हणजे वेगाच्या नावाने आनंदच. पण हे इंजिन थकत नसे. यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न उडवता आधी एका छोट्या पूर्वकक्षात पेटवले जाते आणि तिथून ज्वाला मुख्य कक्षात शिरते. त्यामुळे धडधड कमी होते आणि यंत्रावरचा ताणही घटतो. बदल्यात थोडे इंधन जास्त जाते आणि थंडीत सुरू करण्यापूर्वी ग्लो-प्लग तापेपर्यंत थांबावे लागते. १९८०च्या दशकात सहकार्य करारानुसार हे इंजिन बजाज टेम्पो बनवू लागली आणि ते मॅटॅडोरमध्ये बसले. मोटारीचे इंजिन व्हॅनमध्ये, पुन्हा एकदा.

असा बदल बोलण्याइतका सोपा नसतो. डिझेल इंजिन वजनदार असते, म्हणून पुढचे स्प्रिंग आणि ब्रेक बदलावे लागतात. ते कमी फेऱ्यांवर जोर देते आणि पेट्रोल इंजिनाइतके वेगाने फिरत नाही. गिअरचे प्रमाण जुनेच ठेवले तर गाडी चढावर दमदार आणि सपाटीवर रडतखडत चालते. शिवाय इंजिनाचे बूड गिअरबॉक्सच्या तोंडाशी जुळावे लागते, रेडिएटर मोठा लागतो, इंजिन ज्यांवर टेकते ती रबरी बैठकही नवी हवी. कारखाना हे सारे आराखड्यावर सोडवतो. गॅरेजमधला मिस्त्री ते वेल्डिंगने, पत्र्याच्या पट्टीने आणि अंदाजाने सोडवतो.

आणि मिस्त्रींनी ते सोडवलेही. पेट्रोल महाग, डिझेल स्वस्त असा तो काळ. हिंदुस्तान मोटर्सने १९८०च्या सुमारास डिझेल अॅम्बॅसडर आणली, पण तिचे इंजिन दुबळे होते. तेव्हा ठिकठिकाणच्या गॅरेजांत अॅम्बॅसडर आणि जीप यांच्या पोटात ‘मॅटॅडोरचे इंजिन’ जाऊ लागले. मर्सिडीजचे इंजिन असे कुणी म्हणत नसे. ज्या गाडीला स्वतःचे इंजिन नव्हते, तिच्याच नावाने आता एक इंजिन ओळखले जाऊ लागले! त्यातही गंमत अशी की ज्या अॅम्बॅसडरच्या सोयऱ्या इंजिनावर हारबुर्गची मॅटॅडोर कधीकाळी चालली होती, त्याच अॅम्बॅसडरला मॅटॅडोरने परतफेड केली.

तेव्हा हे सारे चोरीछुपे करावे लागत नव्हते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रूपात असे होते : मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे, मंजुरी घ्यावी आणि बदल करावा. २००० च्या दुरुस्तीने या कलमाचा रोखच फिरवला. कसोटी आता नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीची राहिली नाही, निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाची झाली. इंधन किंवा ऊर्जास्रोत बदलणाऱ्या रूपांतर-संचाला सशर्त वाट ठेवली, बाकी दार जवळपास बंद झाले. जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच अधिक ठाम शब्दांत सांगितले. रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी हा निर्णय समजण्याजोगा आहे. अंदाजाने वेल्ड केलेली बैठक घाटात सुटली तर काय होईल, हे सांगायला नको.

अडचण येते ती जतनाच्या दारात. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले : पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, व्यापारी वापरात नसलेली, आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी. हा नियम राजेरजवाड्यांच्या गॅरेजातल्या गाड्यांना छान लागू पडतो, कारण त्या कमी चालल्या आणि म्हणून तशाच राहिल्या. मॅटॅडोर राबली. व्यापारी नोंदणीवर आयुष्य काढलेली गाडी पहिल्याच अटीशी अडखळते. समजा एखादी १९७० च्या आसपासची मॅटॅडोर खासगी नोंदणीने टिकलीच, तरी ती टिकण्याचे कारण बहुधा हेच असणार की मधल्या काळात कुणीतरी तिच्यात ओएम ६१६ बसवले. कारखान्याने पुढच्या गाड्यांत जे केले, तेच मालकाने जुन्या गाडीत केले. एकाला उत्पादनविकास म्हणतात आणि दुसऱ्याला फेरबदल.

राबणाऱ्या वाहनांचा इतिहास अशाने वस्तुरूपात उरत नाही. उरतात ती छायाचित्रे आणि ‘टेम्पो’ हा शब्द.

इंजिनाचा वंश मात्र थांबला नाही. १९८७ मध्ये मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनवर आधारित ट्रॅव्हलर आली, नंतर ट्रॅक्स. दोन्हींत ओएम ६१६. २००५ मध्ये बजाज टेम्पोची फोर्स मोटर्स झाली. तिच्या गुरख्यातल्या २,५९६ घनसेंमीच्या इंजिनाची वंशावळही त्या टॅक्सीच्या इंजिनापर्यंत जाते. इंजेक्शन इलेक्ट्रॉनिक झाले, टर्बो आला, पूर्वकक्ष गेला. गाडीच्या कागदावर ते निर्मात्याचे मूळ इंजिन आहे.

२००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीज-बेंझही त्याच वर्षी पिंपरीहून तिथे गेली. २०१६ मध्ये फोर्स मोटर्सने चाकणलाच एक कारखाना उघडला. तिथे ती मर्सिडीजच्या मोटारींसाठी इंजिने जोडून देते.