दोन गाद्या

मराठीत मणक्यांमधल्या चकतीला गादी म्हणतात. मोटरसायकलच्या सीटलाही आमच्या घरातली जुनी माणसं गादीच म्हणत. गेल्या पावसाळ्यात माझी पहिली गादी सरकली. दुसरीमुळे सरकली असं मला वाटलं, आणि ते पूर्ण खरं नव्हतं, हे कळायला शंभर वर्षं मागे जावं लागलं.

माझ्याकडे क्रूझर आहे. बुटकी, लांबलचक, पाय पुढे पसरून बसायची. घेताना शोरूममध्ये बसलो तेव्हा आरामखुर्चीत बसल्यासारखं वाटलं होतं. दोन वर्षांनी कमरेतून डाव्या पायाच्या करंगळीपर्यंत वीज जायला लागली. डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं, "गाडी विका." मी विचारलं, "दुसरी घेतली तर?" ते म्हणाले, "आधी ही विका." मला विकायची नव्हती. म्हणून मी वाचायला बसलो की, ही 'आरामाची' गाडी मुळात कुणाच्या आरामासाठी बनली होती.

उत्तर मजेशीर आहे. क्रूझरचं रूप ज्या गाड्यांवरून आलं, त्या अमेरिकन गाड्यांना मागे सस्पेन्शनच नव्हतं. मागचं चाक थेट चौकटीला बोल्ट केलेलं. खड्डा आला की चाक उडायचं, त्यासोबत चौकट आणि चौकटीसोबत माणूस. हे लोकांना कळत नव्हतं असं नाही. इंडियन कंपनीने १९१३ मध्येच मागे पानपट्ट्यांची स्प्रिंग असलेली चौकट विकायला काढली होती. पण बाकीच्यांनी ती उचलली नाही. हार्ली-डेव्हिडसनने त्याच्या आदल्या वर्षी, १९१२ मध्ये वेगळाच रस्ता धरला. चाक हलू द्यायचं नाही, माणूस हलू द्यायचा. सीटखालच्या नळीत स्प्रिंग बसवली आणि त्यावर मोठं चामडी खोगीर तरंगत ठेवलं. खोगीरच म्हणायला हवं, आकार घोड्यावरचाच होता.

पुढच्या बाजूला हायड्रॉलिक फोर्क आला १९४९ मध्ये, हायड्रा-ग्लाइडवर. हार्लीच्या मोठ्या गाड्यांना मागचे शॉकअब्सॉर्बर यायला १९५८ उजाडलं, तेव्हा गाडीचं नाव डुओ-ग्लाइड झालं. मधली ४६ वर्षं या मोठ्या हार्लींवरच्या स्वारांच्या कमरेची सगळी भिस्त त्या एका स्प्रिंगवर होती. आणि पट्ट्यावर. त्या काळच्या फोटोंत स्वारांच्या पोटाभोवती वीतभर रुंद चामडी पट्टा दिसतो. आपल्याला तो फॅशन वाटतो, पण तो आजच्या कमरपट्ट्याचाच आजोबा. हादऱ्यांनी पोटातलं सगळं हलू नये म्हणून आवळलेला.

मग खरी गंमत झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण पोरांनी जड गाड्या उघड्या करायला सुरुवात केली. मडगार्ड कापलं, पत्रे काढले, आणि दिसायला बेढब म्हणून ते स्प्रिंगचं खोगीरही गेलं. त्याजागी दोन बोटं जाड फोमची चपटी सीट आली. पुढचा फोर्क लांब आणि तिरका झाला, हॅन्डल उंच गेलं, पाय पुढे गेले. १९६९ च्या 'ईझी रायडर' सिनेमाने ही चॉपर जगभर नेली. त्यातल्या गाड्या बनवणारे बेन हार्डी आणि क्लिफ वॉन हे कृष्णवर्णीय कारागीर होते. त्यांची नावं कित्येक वर्षं कुणी घेतली नाहीत, हे इथे सांगायलाच हवं, विषय कमरेचा असला तरी.

तर बघा, मूळ गाडीत सस्पेन्शन नव्हतं पण खोगीर होतं. चॉपरमध्ये दोन्ही नाही. आणि पुढे कंपन्यांनी कॉपी केली ती चॉपरची. १९७१ ची सुपर ग्लाइड, १९७७ ची लो रायडर, मग जपान्यांच्या क्रूझर. १९८४ मध्ये हार्लीने सॉफ्टेल आणली. बिल डेव्हिस नावाच्या इंजिनिअरने शॉकअब्सॉर्बर गिअरबॉक्सखाली असे लपवले होते, की गाडी मागे सस्पेन्शन नसलेलीच दिसावी. मला ही गोष्ट वाचून पाच मिनिटं हसू येत होतं. आराम मिळाला, पण तो लपवावा लागला.

आपल्याकडे हे रूप घराघरांत आणलं ते बजाजने. २००१ मध्ये कावासाकीबरोबरची एलिमिनेटर, आणि २००५ मध्ये ॲव्हेंजर. आपले रस्ते मात्र कॅलिफोर्नियाचे नव्हते. सीट बुटकी ठेवायची तर मागच्या चाकाला वरखाली व्हायला जागा कमी उरते, आणि आपल्याकडे दर अर्ध्या किलोमीटरला स्पीडब्रेकर.

आता कमरेकडे येऊ. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन या हाडांच्या डॉक्टरने १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांतल्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभं असताना १०० धरला तर आधाराशिवाय बसल्यावर साधारण १४०, पुढे वाकून बसल्यावर १८५. १९९९ मध्ये जर्मनीत पुन्हा मोजलं तेव्हा साधं बसणं आणि उभं राहणं यांत फारसा फरक निघाला नाही, पण वाकून बसण्याचा भार कायम राहिला. क्रूझरवर आपण वाकत कुठे, असं मलाही वाटलं होतं. पण पाय पुढे गेले की कंबरेचं हाड मागे कलतं आणि कमरेची नैसर्गिक आतली कमान सपाट होते. म्हणजे छाती ताठ, आणि कंबर वाकलेली. वर साध्या गाडीवर खड्डा आला की आपण नकळत फुटरेस्टवर किंचित उभे राहतो, गुडघे हादरा पितात. पाय पुढे असतील तर उभं राहता येत नाही. सगळा हादरा माकडहाडातून वर. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला पाचएक हेलकाव्यांना सगळ्यात जास्त हलतो, आणि गाडीचे हेलकावे त्याच्या आसपासच असतात.

हे सगळं डोक्यात घेऊन मी नाना पेठेत एका सीटवाल्या काकांकडे गेलो. म्हटलं, "काका, एकदम मऊ करून द्या."

"दादा, मऊ सगळेच मागतात. महिन्याभरात परत येतात." त्यांनी माझ्या सीटमध्ये अंगठा दाबला, तो खालच्या पत्र्याला टेकला. "हे बघा. तुम्ही फोमवर नाही, पत्र्यावर बसताय."

त्यांनी घट्ट फोम घातला, वर पातळ मऊ थर, बसायची जागा थोडी रुंद आणि सपाट केली, आणि मागे चार बोटं उंच कठडा दिला, कमरेला टेकायला. मागच्या शॉकअब्सॉर्बरची स्प्रिंग माझ्या वजनाप्रमाणे लावून घेतली. ती दोन वर्षं कारखान्यातून आली तशीच होती आणि माझं वजन ८८ किलो आहे. पुढे काच लावली, कारण ऐंशीच्या पुढे वारा छातीवर ढकलतो आणि आपण हॅन्डलला लोंबकळत कुबड काढतो. हॅन्डल दीड इंच जवळ घेतलं.

फुटरेस्ट मागे घेणं सगळ्यात किचकट. ब्रेकचं पेडल आणि गिअरचा लिव्हर, दोन्ही सोबत सरकवावे लागतात. माझ्या गाडीसाठी तयार किट मिळालं म्हणून केलं, वेल्डिंग करून घेऊ नका. ब्रेकचा खेळ आहे तो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, तेव्हा चौकटीला हात लावायच्या आधी विचारून घ्या. आणि माझा फिजिओ हे वाचत असेल तर, हो, व्यायाम चालू आहेत. ते नसते तर वरचं काहीच उपयोगाचं नव्हतं. गादी सरकायला माझी दिवसाची नऊ तास लॅपटॉपवरची बैठक गाडीइतकीच कारण होती, हे त्यांनीच दाखवून दिलं.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी कुरकुरत परवानगी दिली. मी सांगलीला गेलो, थोरल्या काकांकडे. दर पाऊण तासाला थांबून, दहा मिनिटं चालून. पाच तासांचा रस्ता सात तासांत.

काकांची बुलेट अजून ओसरीत उभी आहे. तिच्यावर स्वारासाठी वेगळी सीट, खाली दोन जाड स्प्रिंगा. या गाडीला मागचं सस्पेन्शन १९४९ पासूनच होतं. मद्रासला १९५५ पासून ती बनायला लागली, तरी आपल्याकडे कित्येक वर्षं लोकांनी वर स्प्रिंगची सीटही ठेवली. दोन्ही असू द्या म्हणून. काकांनी तिच्यावर तीस वर्षं साखर कारखान्याची नोकरी केली, पाठ ताठ, गुडघे नव्वद अंशांत.

त्यांनी माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली. सीट दाबून पाहिली. मग पाय टाकून बसले आणि फुटरेस्टवर जरासे उभे राहिले.

"पाय हितंच पाहिजे होते की आधीपासनं," म्हणाले. "उतर आता बॅगा. चहा टाकलाय."