जुना चांदीचा रुपया : खरा की खोटा?

चोख माणसाला आपण ‘बंदा रुपया’ म्हणतो. निर्दोष गोष्टीला ‘खणखणीत नाणे’ म्हणतो. नाणे वाजवून, घासून, तोलून घेण्याच्या जुन्या रिवाजाची आठवण या शब्दांत टिकून आहे. नाणी पारखणे हे एकेकाळी पोतदाराचे काम होते. ते काम मागे पडले. आता पोतदार हे आडनाव तेवढे उरले. नाणी मात्र घरोघरी आहेत. कुठे ती लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात असतात, कुठे आजीच्या गळ्यातल्या रुपयांच्या माळेत. लग्नकार्य वा आजारपण निघाले की ही नाणी सराफाच्या पेढीवर जातात आणि तिथे ‘हा रुपया खोटा आहे’ असे ऐकावे लागले, तर त्यावर काय म्हणावे हे बहुतेकांना ठाऊक नसते. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपन्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

एक मुलूख, दोन रुपये

कोरपना हा पूर्वीच्या राजुरा तालुक्याचा भाग. राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली तो नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ साली चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात आला. पैनगंगेपलीकडे वणी आणि वर्धेपलीकडे चांदा हा इंग्रजी अमलाखालचा मुलूख. त्यामुळे नदीच्या एका तीरावर निजामाचा ‘हाली सिक्का’ आणि दुसऱ्या तीरावर इंग्रजी ‘कलदार’ रुपया चालत असे. ‘हाली’ म्हणजे चालू, तर ‘कलदार’ म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. दोहोंचे मोल सारखे नव्हते; विसाव्या शतकात साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव असे. अशा सीमेवरच्या घरात दोन्ही प्रकारचे रुपये एकाच गाठोड्यात सापडणे स्वाभाविक आहे.

गफलत होते ती इथेच. कलदाराचे माप हाली रुपयाला लावले, तर तो हलका आणि हिणकस ठरतो. वास्तविक तो खोटा नसतो. तो निराळ्या टांकसाळीचा असतो. म्हणून पारखीचा पहिला नियम असा : नाणे कोणते हे आधी ओळखावे, मगच ते खरे की खोटे याचा निवाडा करावा.

मूळ मापे

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली सर्वत्र एकसारखा रुपया सुरू केला. त्याचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग, म्हणजे सुमारे ९१.७ टक्के चांदी असे. हे प्रमाण १९३९ पर्यंत टिकले. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९४० पासून रुपयातील चांदी ५० टक्क्यांवर आली. उरलेला भाग तांबे, निकेल व जस्त यांचा. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे. तो खरा आहे, पण चांदीचा नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हाली रुपयावर चारमिनार दिसतो. त्यावरचा मजकूर फारसी आणि साल हिजरी असते. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यांत चारमिनारच्या कमानीत ‘ऐन’ हे अक्षर असते. अशा रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम व चांदी ८१.८ टक्के. हिशेब केला तर १९३९ पर्यंतच्या कलदारात सुमारे १०.७ ग्रॅम, हालीत ९.१ ग्रॅम आणि १९४० नंतरच्या रुपयात ५.८ ग्रॅम शुद्ध चांदी भरते. नाणे विकताना हे आकडे जवळ असावेत. त्याआधीची हाताने पाडलेली संस्थानी नाणी वेडीवाकडी असतात आणि त्यांवरची अक्षरे कडेला तुटलेली दिसतात. तो त्यांचा दोष नव्हे.

वजन आणि पाणी

नाणे ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोलावे. वापराने थोडी झीज होतेच. परंतु ठसा ठसठशीत असूनही वजन अर्ध्या ग्रॅमहून अधिक कमी किंवा मुळात जास्त भरले, तर संशय घ्यावा.

याहून खात्रीची परीक्षा पाण्याची. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून, तळाला वा कडेला न लावता पूर्ण बुडवावे. काटा जितके ग्रॅम दाखवील तितके घनसेंटिमीटर नाण्याचे आकारमान. पूर्ण वजनाच्या जुन्या कलदाराला हा आकडा १.१३ च्या आसपास येतो, हालीला १.१० आणि १९४० नंतरच्या रुपयाला १.२२. जर्मन सिल्व्हरमध्ये नावापुरतीही चांदी नसते, त्याचा ११.६६ ग्रॅमचा तुकडा १.३५ च्या पुढे जातो. नाण्याला कडी जोडली असेल, तर मात्र हे आकडे जुळणार नाहीत.

ठसा, कड आणि साल

टांकसाळीत नाणे दाबाने उठते, म्हणून अक्षरांच्या कडा रेखीव आणि पार्श्वभूमी सपाट असते. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक खड्डे, बोथट अक्षरे आणि कडेभोवती सांध्याची रेघ दिसते. कलदाराच्या कडेचे दाते सारख्या अंतरावर हवेत.

राजा आणि साल यांचा मेळ बसतो का, हेही पाहावे. राणी व्हिक्टोरियाच्या १८७६ पर्यंतच्या रुपयांवर ‘क्वीन’, तर १८७७ पासून ‘एम्प्रेस’ असे लिहिलेले आहे. सातव्या एडवर्डचे रुपये १९०३ ते १९१० मधले. त्याच्या डोक्यावर मुकुट नाही. पंचम जॉर्जचे रुपये १९११ पासूनचे. व्हिक्टोरियाचा मुखवटा आणि खाली १९१२ हे साल, असे नाणे टांकसाळीतून निघालेलेच नाही. राम-सीतेची चित्रे, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि १८१८ असे छापलेले जे तुकडे बाजारात फिरतात, तेही कंपनीचे चलन कधीच नव्हते.

दुर्मीळ सालांबाबत अधिक सावध राहावे. १९३९ चा रुपया फार थोडा आढळतो, म्हणून दुसऱ्या सालाचा शेवटचा आकडा कोरून ‘९’ केला जातो. इथे चांदी खरी आणि नाणे खोटे असते. धातूची कोणतीही परीक्षा हा लबाडपणा पकडू शकत नाही. भिंगाखाली त्या आकड्याभोवतीचा धातू खरवडलेला दिसतो का, एवढेच पाहता येते.

फसव्या परीक्षा

चुंबकाला नाणे चिकटले, तर ते चांदीचे नाही. पण चिकटले नाही म्हणून ते चांदीचेच, असे होत नाही. जर्मन सिल्व्हर, पितळ आणि शिसेही चिकटत नाहीत. आवाजाचेही तसेच. माळेतल्या रुपयाला डाग देऊन कडी जोडलेली असते किंवा नाण्याला चीर गेलेली असते. असा खरा रुपयाही बद्द वाजतो. कसोटीवरचा कस आणि सराफाचे शुद्धता मोजणारे यंत्र प्रामुख्याने पृष्ठभागाबद्दल सांगतात, त्यामुळे जाड मुलाम्याखालचा हलका धातू निसटू शकतो. एका परीक्षेवर निकाल देऊ नये. वजन, आकारमान, ठसा आणि साल यांची साक्ष एकत्र पाहावी.

जपणूक आणि कायदा

चांदी काळवंडणे हे खोटेपणाचे लक्षण नव्हे. चिंच, राख किंवा पावडरीने नाणे उजळू नये. ठसा झिजतो आणि संग्राहकाच्या लेखी त्याचे मोल घटते. शेतात वा घराच्या पायात पुरलेली नाणी सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात आणि ती खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत. नाणेशास्त्राचा अधिक अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी नाशिकजवळ अंजनेरी येथे या विषयाला वाहिलेली संशोधन संस्था आहे.

नाणे मोडीत घालण्याआधी मात्र दोन गोष्टी अवश्य कराव्यात : दोन्ही बाजूंचे स्वच्छ छायाचित्र काढावे आणि वजन लिहून ठेवावे. एकदा मुशीत गेलेला रुपया खरा होता की खोटा, हाली होता की कलदार, याचा पुरावा मग कोणाजवळच उरत नाही.