गंजिफा : पानें उरलीं, डाव गेला

कला जगली म्हणजे खेळही जगला असें होत नाहीं. सावंतवाडीची गंजिफा याची साक्ष देते.

बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शहा हसनाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. या परदेशी खेळास आपल्याकडे दशावतारी रूप मिळालें. अवतार दहा, प्रत्येकाचीं पानें बारा, म्हणजे राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. एकूण गोल पानें १२०. तिघांनीं चाळीस चाळीस वांटून घ्यावयाचीं. पहिली उतारी दिवसां रामाच्या राजाची, रात्रीं कृष्णाच्या. पांच अवतारांत दश्शी मोठी, उरलेल्या पांचांत एक्का मोठा. हुकुमाचा रंग नसल्यामुळें गेलेलें प्रत्येक पान ध्यानांत ठेवणें, हीच खेळाडूची कसोटी.

पुढें ५२ पानांचा छापील विलायती जोड आला. तो स्वस्त आणि शिकावयास सोपा. चितारी लोकांनीं हातानें रंगवून लाखेनें चकचकीत केलेला जोड त्यापुढें मागें पडला. १९७० नंतर शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं ही कला सांवरली. सावंतवाडीच्या राजवाड्यांत आजही हीं पानें रंगविलीं जातात. परंतु घेणारा बहुधा तीं शोभेसाठीं नेतो.

राजाश्रयानें चित्रकार जगतो. खेळाडू मात्र घरच्या ओटीवर, वडीलधाऱ्यांशेजारीं बसूनच तयार होतो. ती बैठक मोडली कीं सुंदर पानेंही मुकीं होतात. ज्यांच्या घरीं असा जोड असेल, त्यांनीं तो सुटींत मुलांपुढें उघडावा. त्याला तीन गडी पुरतात.