हिरव्या बुटक्यांचा वैताग

परग्रहावरच्या माणसांचा विषय निघाला की आमच्या घरातली मंडळी लगेच उडत्या तबकड्यांवर जातात. मला मात्र जोसलिन बेल आठवते.

साल १९६७. केंब्रिजजवळ साडेचार एकरांत हजारेक खांब ठोकून, तारा ओढून एक रेडिओ दुर्बीण उभी राहिली. खांब ठोकणाऱ्यांत ही पीएच.डी.ची विद्यार्थिनीसुद्धा होती (हो, स्वतः घण घेऊन!). पुढे आकाशातल्या रेडिओ लहरींचा आलेख रोज शंभरेक फूट कागदावर उमटायचा, आणि तो सगळा नजरेखालून घालायचा तिनेच.

त्या ढिगात तिला एक विचित्र खरखर दिसली. जागा म्हणाल तर इंचभरसुद्धा नाही! २८ नोव्हेंबरला कागद वेगाने पळवून पाहिलं, तर चक्क ठोके. दर १.३४ सेकंदांनी एक, अगदी घड्याळासारखे.

तिचे गाईड अँटनी ह्युइश म्हणाले, माणसाचाच काहीतरी उद्योग असणार. पण तो प्रकार रोज चार मिनिटं आधी यायचा, तारे उगवतात तसा. माणसाचं घड्याळ असं चालत नाही. मग अर्धवट थट्टेत नाव पडलं 'एलजीएम-१', लिटल ग्रीन मेन, म्हणजे हिरवी बुटकी माणसं.

नाताळच्या तोंडावर वरिष्ठांची बैठक बसली. हे खरंच कुणी पाठवत असेल तर जगाला सांगायचं कसं? जोसलिन मात्र वैतागून घरी गेली. शिष्यवृत्तीचे पैसे संपत आलेले, प्रबंध अर्धा, आणि या बुटक्यांना नेमकी हिचीच दुर्बीण सापडावी! परग्रहवासीयांच्या सगळ्या इतिहासात मला हा वैताग सर्वांत खरा वाटतो.

त्याच रात्री जेवून ती परत आली, आणि जुन्या कागदांत आकाशाच्या भलत्याच कोपऱ्यात तशीच खरखर! तो भाग पहाटे दुर्बिणीसमोर यायचा. कडाक्याच्या थंडीत यंत्र नीट चालेना, तर तिने त्यावर फुंकरा मारल्या, शिव्या घातल्या. पाच मिनिटं चाललं. ठोके आले, या वेळी दर १.२ सेकंदांनी.

तिचा जीव भांड्यात पडला. दोन टोकांच्या दोन जमाती एकाच वेळी, एकाच फ्रीक्वेन्सीवर पृथ्वीला हाका मारतील कशाला? ते होते गरागरा फिरणारे न्यूट्रॉन तारे, पल्सार.

फेब्रुवारी १९६८ मध्ये 'नेचर'मध्ये शोध छापून आला आणि पत्रकार धावले. ह्युइशना खगोलशास्त्राचे प्रश्न, आणि हिला? मित्र किती, उंची राजकन्या मार्गारेटपेक्षा जास्त का! १९७४ चं नोबेल ह्युइश आणि मार्टिन राईल यांना मिळालं. असो.